व्यसनमुक्तीचा उंबरठा



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मी विद्वान वक्ता नव्हे. या सीमाभागात तीसेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय करणारा एक साधा डॉक्टर आहे. गुरुजींचे स्मरण करून बोलायचे, तर चारचौघांत ज्याविषयी आपण बोलत नाही असा विषय घ्यावा, असे मला वाटले. मुलांना शाळेत आणण्यासाठी गुरुजी तांड्यांवर जात, वाड्यांतही जात. तेथे त्यांच्या दृष्टीस काय पडे, हे ते मला अनेकदा सांगत असत.

विषय व्यसनमुक्तीचा आहे. परंतु दारू वाईट असते, हे सांगण्यासाठी मी उभा नाही. ते सर्वांना विदित आहे, आणि पिणाऱ्याला सर्वांत अधिक विदित आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. व्यसनावर उपचार आहेत. ते घेणाऱ्यांपैकी काहीजण बरे होतात, काही पुन्हा घसरतात, आणि फार मोठी संख्या उपचारापर्यंत पोचतच नाही. हा जो फरक पडतो त्यात स्त्री असणे वा पुरुष असणे, अमुक जातीजमातीत जन्मास येणे, अमुक भाषा बोलणे, यांचा वाटा किती? पाश्चात्त्य ग्रंथांत यासाठी लिंगभाव आणि वांशिकता असे शब्द वापरतात. आपल्याकडे वंशाऐवजी जात, जमात, धर्म आणि भाषा असे म्हटले म्हणजे अर्थ अधिक नेमका होतो.

एक केसपेपर

या प्रश्नाकडे मी पुस्तकांतून आलो नाही; स्वतःच्या एका चुकीतून आलो. म्हणून ती चूक प्रथम सांगतो.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तांड्यावरची चाळिशीतील बाई माझ्याकडे आली. भूक नाही, पोट जड वाटते, पायांवर सूज, अशी तिची तक्रार होती. ती बाजारापुरते मराठी बोलत असे. पण दुखण्याखुपण्याचे बोलणे तिला आपल्या गोरबोलीतच जमे. सोबत तिचा सातवीत शिकणारा मुलगा होता. मी मराठीत विचारी, तो आईला सांगे आणि तिचे उत्तर मला सांगे. रीतीप्रमाणे मी विचारले, "आई दारू घेते का रे?" मुलाने हा प्रश्न आईला सांगितलाच नाही. खाली पाहून तो म्हणाला, "नाही." मी केसपेपरवर लिहिले, 'मद्यपान : नाही', आणि शक्तीच्या गोळ्या देऊन तिला वाटेला लावले.

नऊ महिन्यांनी तिला पुन्हा आणले, तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे होते, पोटात पाणी झाले होते आणि रक्ताची उलटी झाली होती. मी तिला मोठ्या रुग्णालयात पाठवले. वाटेतच तिने प्राण सोडला.

तिच्या नवऱ्याला व्यसनमुक्तीसाठी दोनदा दाखल करण्याची चिठ्ठी मीच दिली होती. दोन्ही वेळा त्याचा डबा घेऊन तीच जात होती. त्या घरी हातभट्टी लागते, हे मला ठाऊक होते. भट्टीपाशी बसणारी आणि प्रत्येक खेपेचा पहिला घोट चाखून पाहणारी व्यक्ती कोण असते, हे मात्र माझ्या मनात कधी आले नाही. पिणारा म्हणजे पुरुष आणि सोसणारी म्हणजे स्त्री, असा साचा माझ्या डोक्यात बसलेला होता. आईच्या अब्रूचा प्रश्न मी तेरा वर्षांच्या लेकराच्या जिभेवर ठेवला, आणि त्याने ती अब्रू राखली. चूक त्याची नव्हती.

दाराबाहेर किती?

ही एकट्या माझ्या दवाखान्याची कथा नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय दारू घेतात, असे त्यात आढळले. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के, म्हणजे १७ पुरुषांमागे एक स्त्री. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळालेला होता, आणि दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांमागे एकच होता.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. उपचाराचे दार पुरुषांसाठीही अरुंदच आहे. आणि सतरामागे एक या प्रमाणामुळे व्यवस्था सहज म्हणते की, स्त्रियांसाठी वेगळी सोय कशाला? मग खाटा पुरुषांच्या, रात्रपाळीचे कर्मचारी पुरुष, गटसभेतील अनुभवही पुरुषांचे. अशा ठिकाणी बाई येत नाही. आणि ती येत नाही म्हणून तिची सोय होत नाही. जगभर हेच दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांनुसार अमली पदार्थ घेणाऱ्यांत साधारण एक तृतीयांश स्त्रिया असतात. उपचार घेणाऱ्यांत मात्र त्या पाचांत एकच असतात.

शिवाय स्त्रियांची पुष्कळशी व्यसने आपण व्यसने म्हणून मोजतच नाही. तंबाखू तव्यावर भाजून केलेली मिश्री आपल्याकडे किती आयाबहिणी सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात! तिला आपण दात घासणे म्हणतो. डोकेदुखीची पुडी, झोपेची गोळी हे औषध ठरते. सीमेपलीकडे तेलंगणात शिंदीमध्ये क्लोरल हायड्रेट किंवा झोपेच्या गोळ्यांची पूड मिसळण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. अशी शिंदी एकाएकी बंद झाल्यावर झटके आलेले, भ्रमिष्टासारखे वागणारे रुग्ण तेथील दवाखान्यांत आले. शिंदी म्हणजे केवळ झाडाचा रस, अशा समजुतीने ती पिणाऱ्या माणसाला आपण कशाच्या आहारी गेलो आहोत, हेही ठाऊक नसते.

शरीराचा भाग किती?

स्त्री-पुरुषांच्या शरीरांत फरक आहे, आणि तो समजून घेतला पाहिजे. स्त्रीच्या शरीरात पाण्याचा अंश तुलनेने कमी असतो. दारू पाण्यात मिसळत असल्याने तेवढ्याच प्रमाणात घेतलेली दारू स्त्रीच्या रक्तात अधिक तीव्र होते. परिणामी पहिल्या प्याल्यापासून यकृत निकामी होईपर्यंतचा प्रवास स्त्रियांत पुष्कळदा थोड्या वर्षांत संपतो. दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत सरकून ती आखूड व्हावी तसा हा काळ आखडतो, म्हणून तज्ज्ञांनी त्याला दुर्बिणीचेच नाव दिले आहे. याचा अर्थ असा की स्त्रीने लवकर उपचारास यायला हवे. प्रत्यक्षात ती उशिरा येते.

वंशपरत्वे होणारा शारीरिक फरकही क्वचित असतो. चीन, जपान, कोरिया येथील पुष्कळ लोकांत दारूचे विघटन करणारे एक विकर जन्मतः दुबळे असते. थोडी घेतली तरी त्यांचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. आपल्या भागात हा गुणधर्म विरळाच. औषधाने मात्र तो तात्पुरता आणता येतो. १९४८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी पुढे आणलेले डायसल्फिराम हे औषध नेमके हेच करते. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की त्याला असह्य त्रास होतो.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. नवऱ्याच्या नकळत भाजीत, चहात टाकण्यासाठी ही गोळी किंवा तिची पूड बायकांना विकली जाते. माता-भगिनींनो, तसे करू नका. ज्याला औषधाचा पत्ता नाही तो त्यावर दारू पिणारच, आणि त्याचा रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. त्याचप्रमाणे, वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकाएकी तोडणेही धोक्याचे आहे. झटके येतात, भ्रम होतो. ती तोडायची, पण वैद्यकीय देखरेखीखाली. घरातील पिणाऱ्याला सुधारण्याचा सारा भार बाईवर टाकायचा आणि तिला पुरेशी माहितीही द्यायची नाही, ही आपली रीत आहे.

आत आल्यावर काय होते?

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. बाई उपचारास आली, तर ती पुरुषाइतकी बरी होते का? अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ शेली ग्रीनफील्ड आणि त्यांचे सहकारी यांनी यासंबंधीच्या अनेक अभ्यासांचा आढावा २००७ साली प्रसिद्ध केला. स्त्रिया उपचारास येण्याची शक्यता कमी. मात्र एकदा उपचार सुरू झाल्यावर केवळ स्त्री असण्यामुळे परिणामात फारसा फरक पडत नाही, असा त्याचा आशय आहे.

जातीजमातींविषयीही असेच. अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे रुग्ण उपचार पूर्ण करण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी आढळते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने या तफावतीची कारणे शोधली, तेव्हा तिचा बराचसा भाग बेकारी आणि घराची अस्थिरता यांत सापडला. उपचार अर्धवट सुटतो तो वंशामुळे नव्हे. हातात काम नाही आणि परतायला घर नाही म्हणून.

आपल्याकडील अनुभव वेगळा नाही. ऊसतोडीला जाणारे कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. त्यातील माणसाला मी दर पंधरवड्याला तपासणीस बोलावतो, आणि तो आला नाही की 'उपचार सोडला' असे लिहितो. खरे तर उपचाराने त्याला सोडलेले असते. उलट, दोन एकर बागायत असलेला, भावांनी गाडी करून आणलेला रुग्ण वेळेवर येतो आणि टिकतो. त्याला आपण निश्चयी म्हणतो. निश्चय दोघांतही असेल. पण एकाच्या निश्चयाला जमिनीचा, भावांचा आणि गाडीचा टेकू असतो.

स्त्रीच्या बाबतीत हा टेकू बहुधा उलट दिशेने लागतो. पुरुष उपचार घेऊन परततो तेव्हा घरात पथ्यपाणी सांभाळणारी बायको असते. बाई परतते ती पिणाऱ्या नवऱ्याच्या घरी, थांबलेल्या स्वयंपाकाकडे आणि शेजारच्यांच्या कुजबुजीकडे. पुरुषाचे पिणे हा त्याचा नाद ठरतो. बाईचे पिणे हे तिचे चारित्र्य ठरते. मुलांना कोण सांभाळील, या एका प्रश्नापाशी तिचा उपचार अडतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने व्यसनाधीनतेला आपल्या कक्षेत घेतले आहे. दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करू नये, असेही त्याने म्हटले आहे. हा नियम मोलाचा आहे; तो अमलात येण्यासाठी आईला ठेवणारी खाट आधी असावी लागते.

तीन राज्ये, एक तांडा

औरादचे स्थान या दृष्टीने विशेष आहे. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे भाग आधी मुंबई राज्यात आणि त्यातून १९६० साली महाराष्ट्रात गेले. औराद, भालकी, बसवकल्याण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिले. घरी मराठी, शाळेत मराठी किंवा कन्नड, कचेरीत कन्नड, पेठेत उर्दू-दखनी आणि तेलुगू, तांड्यावर गोरबोली, असा आपला संसार आहे.

आता पाहा. आपला लमाणी, म्हणजेच बंजारा समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत आहे. तेलंगणात तोच अनुसूचित जमातींत आहे. महाराष्ट्रात त्याची गणना विमुक्त जातींत होते. एकाच घरातल्या तीन बहिणी बिदर, नांदेड आणि संगारेड्डी या जिल्ह्यांत नांदत असतील, तर सरकारी तक्त्यांत त्या तीन निरनिराळ्या वर्गांच्या ठरतील. मग अमुक वर्गात दारूचे प्रमाण अधिक, असे आकडे कोणी मांडले, तर त्यांतून जमातीच्या स्वभावाचे अनुमान काढणे किती धोक्याचे! इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला होता. जन्मतः पिणारे, हा शिक्का त्याचाच भाऊबंद आहे.

हा शिक्का दोन्ही बाजूंनी घात करतो. तांड्यावरचा माणूस आला की डॉक्टर गृहीत धरतात, हा पिणारच; औषध देऊन उपयोग नाही. आणि प्रतिष्ठित घरातला, माळकरी कुळातला, लिंगायत किंवा ब्राह्मण घरातला माणूस आला की डॉक्टर विचारतच नाहीत, कारण अशा घरी कोण पिणार? मुसलमान रुग्णाची गोष्ट आणखी अवघड. धर्माने दारू निषिद्ध, म्हणून तो ती मान्य करीत नाही, नातेवाईकही करीत नाहीत, आणि आजार भलत्याच नावाने वाढत राहतो. एकाला गृहीत धरून आणि दुसऱ्याला वगळून दोघांचेही निदान चुकते.

भाषेची अडचण याहून सूक्ष्म आहे. हाड मोडले तर भाषा फारशी लागत नाही. बोट दाखवता येते. व्यसनमुक्तीत मात्र बोलणे हाच अर्धा उपचार असतो. कोणत्या दुःखात पहिला घोट घेतला, बापाची आठवण का नकोशी वाटते, मुलीच्या लग्नात काय घडले, हे माणूस शिकलेल्या भाषेत सांगू शकत नाही. कर्नाटकात व्यसनमुक्तीसाठी चांगली शिबिरे भरतात. तेथे गेलेला आमचा मराठी माणूस आठ दिवस मान डोलावतो आणि परत येतो. त्याला विचारले तर म्हणतो, "बोलणं चांगलं होतं, डॉक्टरसाहेब, पण माझं काही बोलणं झालं नाही."

बाहेरून लादलेले आणि आतून उगवलेले

समाजाने स्वतः होऊन दारू सोडल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. अमेरिकेतील सेनेका या आदिवासी राष्ट्रात हँडसम लेक नावाचा पुढारी स्वतः दारूने खंगलेला होता. १७९९ साली त्याला दृष्टान्त झाला, आणि त्याने आपल्याच परंपरेच्या भाषेत दारूत्यागाचा उपदेश केला. त्याचे अनुयायी आजही आहेत. आपल्या जवळचे उदाहरण १९२२ चे. पालघरच्या किनाऱ्याकडून दक्षिण गुजरातेत पसरत गेलेल्या देवीच्या चळवळीत, अंगात आलेल्या माणसांच्या मुखातून आज्ञा झाली की, दारू-ताडी सोडा, रोज स्नान करा, दारूच्या दुकानदारांवर बहिष्कार घाला. हजारो आदिवासींनी तसे केले. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ साली या चळवळीवर ग्रंथ लिहिला. पुढे काहीजण पुन्हा पिऊ लागले, काही टिकले. परंतु दारू सोडणे हे त्यांच्यासाठी मान उंच करणे होते. कोणाची क्षमा मागणे नव्हते. बंजारा समाजात सेवालाल महाराजांच्या नावाने सांगितला जाणारा व्यसनत्यागही याच जातीचा आहे, आणि वारकऱ्याची माळही.

आणि आपल्या बिदर जिल्ह्यातले कल्याण तर सर्वांच्या आधीचे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या भोवती जमलेल्या शरणांत हेंडद मारय्या हे नाव येते. हेंड म्हणजे कन्नडमध्ये ताडी-शिंदी. ती विकणे हा त्यांचा धंदा होता. त्यांना कोणी मंडळीबाहेर बसवले नाही. त्यांची वचने आजही उपलब्ध आहेत. व्यसनमुक्ती केंद्र कसे असावे, असे मला कोणी विचारले, तर ताडी विकणारा मारय्या आणि अक्कमहादेवी यांना एकाच मंडळीत स्थान देणाऱ्या त्या अनुभवमंटपाकडे मी बोट दाखवीन.

उंबरठा ठेंगणा करणारे

उंबरठा ठेंगणा करता येतो, याची उदाहरणे मराठी मुलखात आहेत. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. प्रारंभी तेथे येणारे रुग्ण हे गर्दच्या आहारी गेलेले तरुण होते. लवकरच रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट झाला. तेथे बायका नवऱ्याच्या पथ्याविषयी ऐकत, तशाच स्वतःच्या जखमांविषयी बोलू लागल्या. आणि कालांतराने व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग निघाला. रुग्णाची बायको म्हणून आलेली स्त्री आणि स्वतः रुग्ण म्हणून आलेली स्त्री, यांतले अंतर ओलांडायला एका जाणत्या संस्थेलाही वेळ लागला. १९३९ साली 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेचे जे मूळ पुस्तक निघाले, त्यात तर 'पत्नींस' उद्देशून एक प्रकरणच आहे. रुग्ण पुरुषच असणार, हे तेथेही गृहीत होते.

दुसरे उदाहरण गोव्याचे. 'संगत' या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाचा एक प्रयोग केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते. थोडे प्रशिक्षण घेतलेली, तेथलीच भाषा बोलणारी सामान्य माणसे होती. ३७७ रुग्णांवरील या प्रयोगाचा निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. मागील चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले पहिल्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्यात १८. आपल्या माणसाने आपल्या भाषेत केलेल्या चार गोष्टींचे हे बळ! मात्र ते ३७७ च्या ३७७ पुरुष होते. स्त्रियांना कोणते समुपदेशन लागू पडेल, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

तिसरे उदाहरण गडचिरोलीचे. तेथे गावोगावच्या स्त्री-पुरुषांच्या आंदोलनातून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. केवळ बंदीने भागत नाही हे ओळखून २०१६ पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमाने तालुक्याच्या ठिकाणी आणि गावांत उपचार नेला. कर्नाटकातही १ जुलै २००७ पासून अर्कावर बंदी आली. प्लॅस्टिकच्या पिशवीतला अर्क गेला आणि त्या जागी कागदी डबीतली स्वस्त व्हिस्की आली. दुकानाचे नाव बदलले म्हणून पिणाऱ्याची गरज बदलत नाही. तिच्यासाठी उपचारच जवळ यावा लागतो.

आपल्या हाती काय?

मी सरकारला सल्ला देणारा कोणी नाही. जे आपल्या तालुक्यात करता येईल, तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट, दवाखान्यात दारूविषयी प्रत्येकाला विचारावे, बाईला आणि बुवाला, तांड्यावरच्याला आणि वाड्यातल्याला, एकाच सुरात, आणि एकांतात. दुसरी, रुग्णाच्या मुलाला दुभाषा करू नये. तांड्यावरची आशा कार्यकर्ती, अंगणवाडीची ताई, शेजारची जाणती बाई यांतून कोणी, रुग्णाला चालत असेल तर, सोबत घ्यावी. तिसरी, शासनाची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा अनेक भाषांत बोलता येते. घराबाहेर न पडता आपल्या भाषेत पहिले वाक्य बोलण्याची ही सोय स्त्रियांना विशेष उपयोगी आहे. हा क्रमांक शाळेच्या फळ्यावर आणि पिठाच्या गिरणीवर लिहून ठेवावा. चौथी, ऊसतोडीहून परतणाऱ्यांसाठी तपासणीच्या तारखा त्यांच्या हंगामाप्रमाणे ठरवाव्यात. आणि पाचवी, बरी होऊन आलेली बाई गावात दिसली तर तिला हळदीकुंकवाला बोलवावे. हाही उपचारच आहे, आणि त्याला डॉक्टर लागत नाही.

शिक्षकांना एक विनंती आहे. आपल्या वर्गात असे एखादे मूल बसलेले असते, ज्याने घरचे काहीतरी सांगायचे टाळलेले असते. त्याला चौघांत विचारू नका. पण शाळेत असे एक माणूस असू द्या, ज्याच्यापाशी ते आपल्या भाषेत बोलू शकेल. गुरुजी असे माणूस होते. तांड्यावरच्या मुलांशी बोलता यावे म्हणून त्यांनी पन्नाशीत गोरबोली शिकून घेतली होती. ती बोलताना ते चुकत, मुले हसत, आणि मग मुले बोलू लागत.

त्या बाईचा मुलगा पुढे शिकला. काही वर्षांपूर्वी तो मला भेटला तेव्हा त्याने त्या दिवसाचा विषय काढला. "साहेब, मी त्या दिवशी खोटं बोललो," असे तो म्हणाला. मी त्याला सांगितले, "अरे, तो प्रश्न तुला विचारायचाच नव्हता. चूक माझी होती." तो काही बोलला नाही. तेव्हापासून मी गोरबोलीतील शंभरएक शब्द शिकलो आहे. पोट, दुखणे, झोप, भीती आणि दारू हे शब्द त्यांत आहेत. गुरुजींच्या मानाने ते फार थोडे आहेत, आणि फार उशिरा शिकलेले आहेत.